समुद्र दाखवून आणते

“चपला बाहेर काढ. आणि आत हळू बोल.”

बाबांचा आवाज अजून त्या फाटकापाशीच उभा असतो. बाबा जाऊन तीन वर्षं होतील... पण पानवेलीच्या वाडीचं बांबूचं फाटक ढकललं की माझे पाय आपोआप थबकतात, चपला सुटतात, आणि मगच मी आत जाते.

त्या पहाटे फाटकाबाहेर बूट होते.

मोठे, लाल मातीनं माखलेले, एकमेकांना चिकटून शहाण्यासारखे बसलेले. मोजे आत कोंबलेले. आमच्याकडे बूट घालून येतं कोण? मी कळशी कमरेवर सावरत हळूच आत शिरले. वेलींच्या मधल्या सरीत एक माणूस अनवाणी बसला होता. डोळे मिटलेले, कानांवर मोठे हेडफोन, आणि हातातल्या काठीच्या टोकाला केसाळ मांजरासारखं काहीतरी.

त्यानं डोळे उघडले, मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मला! माझ्याच वाडीत!

थोड्या वेळानं त्यानं हेडफोन मानेवर ओढले. “माफ करा हं. आवाज घेत होतो... वाडीचा. तुम्ही फार हळू चालता. पण पैंजणाचं एक घुंगरू सैल झालंय. तुमचं नाव काय?”

मी गप्प.

“रागावलात?”

मी मान हलवली. नाही.

त्याचा चेहरा बदलला. त्याला वाटलं, मला बोलताच येत नाही. बिचारा एकदम उठून उभा राहिला, आणि मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत, हातवारे करत सांगू लागला, “मी... धीरज! सिनेमा! आवाज... रेकॉर्ड!”

मला हसू आवरेना. पण हसायचं तेही बिनआवाजाचं. मी पूर्वेकडे बोट केलं.

“तिकडे काय? डोंगर?”

मी त्याला बाहेर तुळशीपाशी नेलं. डोंगराच्या खांद्यावरून सूर्याची कड वर आली. मी तिथल्या तांब्यातलं पाणी ओंजळीनं सोडलं, हात जोडले, आणि वळून म्हणाले, “समिधा.”

“आं?”

“नाव विचारलंत ना मघाशी.”

“बोलता येतं की तुम्हाला!”

“सूर्याला अर्घ्य देईपर्यंत बोलत नाही मी. व्रत आहे.”

“रोज?”

“रोज.”

“तुम्हाला आमच्या सेटवर आणायला हवं,” तो म्हणाला. “तिथं देवाची शपथ घातली तरी कोणी मिनिटभर गप्प बसत नाही.”

मग मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. “बूट काढायला कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कोणी नाही. फाटकापाशी मातीत सगळे ठसे अनवाणी पावलांचे होते. म्हटलं, आपलेच वेगळे कशाला उमटवा...”

एवढंच बोलला तो. पण त्या दिवशी पूजा करताना माझी जपमाळ दोनदा चुकली.

*

सिनेमा माझ्या बाबांवर होता. ‘बळवंत’ असंच त्याचं नाव.

आमची मूळ वाडी एडवणला, अगदी समुद्राला लागून. नारळ, केळी आणि पानवेल. मी नऊ वर्षांची असताना एका उधाणाला बांध फुटला. भरतीचं पाणी वाडीत शिरलं, विहीर खारट झाली आणि वर्षाच्या आत नारळांनी माना टाकल्या. बाबांनी होतं नव्हतं ते विकलं आणि आम्हाला घेऊन ते इकडे आले. वाणगाव मागं टाकून पूर्वेला, रस्ता संपतो त्याच्याही पुढं, रानाच्या कडेचा हा खडकाळ उतार. हाकेच्या अंतरावर घर एकच, नवसीकाकीचं. बरोबर काय आणलं? आई, मी, माझा चार वर्षांचा भाऊ सुजित, आणि केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटात गुंडाळलेले पानवेलीचे तुकडे. आज या उतारावर मोगरा आहे, चिकू आहे. पण ती सगळी पोटाची वाडी. पानवेलीची ही लहानशी वाडी देवाची.

पालघरच्या एका पेपरात बाबांवर लिहून आलं, ते वाचून हंसामॅडम आल्या. दिग्दर्शिका. तेव्हा बाबा खाटेला लागलेले. ते आईला म्हणाले, “येऊ दे त्यांना. सगळी जागा दाखव. नाय म्हणू नको.” आईनं शब्द दिला.

म्हणून मार्गशीर्ष लागताच चाळीसेक माणसं रोज बोईसरच्या लॉजवरून गाड्या भरून यायची. जनरेटरवाला तर पहिल्याच दिवशी फाटकापाशी अडला. “अरे, खेत में जाने को चप्पल कायको उतारना?”

नवसीकाकी विळा परजत म्हणाली, “उतार नायतर पाय उतरवीन.” तिला हिंदी येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं. पण चपला निघाल्या.

*

धीरज दातिवऱ्याचा. वडील, काका सगळे मच्छीमार. हा एकटाच आवाजाच्या मागे लागला. शूटिंगच्या गडबडीत तो काठी घेऊन एका बाजूला उभा असायचा. मी चहाचा ट्रे घेऊन गेले की हेडफोनचा एक कान माझ्यासाठी उघडा करायचा.

“आज गुरुवार. उपास ना? हे वेफर्स आणलेत तुमच्यासाठी.”

“मसाल्याचे चालत नाहीत.”

“म्हणजे मलाच खावे लागणार.” तो उदास चेहरा करून पाकीट फोडायचा. “तुमच्या देवाला माझी सगळी आवड-निवड बरोब्बर माहीत आहे.”

“देवाची थट्टा नको.”

“थट्टा कुठली? आमच्या अंगणातसुद्धा तुळस आहे. फक्त तिला सुकटीचा वास येतो... चालेल का?”

“कोणाला चालेल का?”

“तुळशीला हो,” तो म्हणाला आणि घाईघाईनं काठीचं मांजर पुसू लागला.

एका सकाळी वाडीत कोणी नव्हतं. त्यानं हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. ठेवताना माझी एक बट अडकली, ती त्यानं अशी सोडवली... जसं वेलीचं कोवळं टोक आधाराला लावतात. आणि मग मला माझी वाडी ऐकू आली. दव पानावरून घसरतं त्याला आवाज असतो! मुंग्यांनासुद्धा चाल असते! आणि या सगळ्याच्या खाली काहीतरी धड-धड, धड-धड...

“हे काय वाजतंय?” मी कुजबुजले.

त्याच्या हातातला माइक माझ्या छातीपासून वीतभर लांब होता. त्यानं तो पटकन मागे घेतला. “मालगाडी असेल.”

रेल्वे इथून कितीतरी लांब. इथं मालगाडी कधीच ऐकू येत नाही. त्याचे कान लाल झाले होते.

मग तो म्हणाला, “एक विचारू? चपलांचं समजलं. पानवेलवाले सगळेच पाळतात. पण इथं हळू का बोलता? ते मी दुसरीकडे कुठं ऐकलं नाही.”

कोपऱ्यात सगळ्यात जुना वेल आहे. त्याच्या बुडाशी मी रोज तिन्हीसांजेला दिवा लावते. मी तिकडे पाहिलं.

“कोणीतरी झोपलंय,” मी म्हणाले.

तो हसायला लागला... आणि माझा चेहरा बघून थांबला.

मग मी त्याला सांगितलं. दुधाचे दात पडायच्या आत मूल गेलं तर आमच्यात त्याला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. सुजित जन्मल्यापासून समुद्राच्या आवाजात झोपलेला. इथल्या रानातली ती मुकी रात्र त्याला सोसायची नाही. माझ्या कुशीत शिरून विचारायचा, “ताई, समुद्र कोनी बंद केला?” श्रावणात त्याला ताप भरला. ओढ्याला पूर, पलीकडे जायची सोय नाही. बाबा काठावर उभे राहून नुसते पाणी उतरायची वाट बघत होते. मी त्याच्या कपाळावर घड्या ठेवत होते. म्हटलं, “बरा झालास ना, की तुला समुद्र दाखवून आणते.” तो म्हणाला, “नक्की?” मी म्हटलं, “नक्की.”

सकाळी ओढा उतरला. पण...

“मी अठरा वर्षांत समुद्र पाहिला नाही,” मी म्हणाले. “लोक हसतात. पालघरची पोर आणि समुद्र नको म्हणते. पण त्याच्याशिवाय कशी जाऊ?”

धीरजनं यंत्र बंद केलं, त्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि वाकून मातीला हात लावला.

*

दुसऱ्या दिवशी हंसामॅडम कॅमेरामनला घेऊन वाडीच्या फाटकापाशी उभ्या होत्या. मुलगा कुठं ठेवला आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तो गेला एवढंच माहीत होतं.

“मृत्यूचा सीन इथंच करू. वेलींच्या मधोमध. दोन टँकर लावून पाऊस पाडू, चिखल होऊ दे, मागून क्रेन आत घेऊ. मुलाला छातीशी धरून बळवंत आकाशाकडे बघतो आणि शपथ घेतो. जयवंतीताई, चालेल ना?”

आईचा हात पदराशी गेला. बाबांना दिलेला शब्द: ‘सगळी जागा दाखव. नाय म्हणू नको.’ आई शब्द मोडणाऱ्यातली नाही. तिचे ओठ हलले. “तुमी म्हनाल तसं...”

माझ्या डोळ्यांपुढं क्रेनची चाकं आली. तो कोपरा... बूट, चिखल, ओरडणारी माणसं. मी मनात देवाचं नाव घेतलं. दुसरं काय करणार होते मी?

“मॅडम, इथं नाही होणार.”

धीरज होता. हेडफोन कानांवर, कपाळाला आठी.

“का नाही?”

“आवाज मिळणार नाही. मालगाडी वाजते.”

सगळे थांबून ऐकू लागले. रानात पान हलत नव्हतं.

“मला तर काही ऐकू येत नाही,” कॅमेरामन म्हणाला.

“तुम्हाला नाहीच येणार. खालून येतो, जमिनीतून. धड-धड, धड-धड. पूर्ण सीन खराब होईल.” माझ्याकडे न बघता तो बोलत होता. “मी रोज ऐकतोय.”

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. आठ सिनेमे त्यांनी त्याच्या कानांवर विसंबून केले होते. “ठीक आहे. तुझे कान म्हणतात तर ओढ्यावर करू.”

गाड्या ओढ्याकडे वळल्या. मी खोट्याला पाप मानते. त्या संध्याकाळी दिव्यापाशी हात जोडून म्हटलं, हे एक माझ्या नावावर लिही, देवा. त्याच्या नको.

*

ओढ्यावर टँकरचा पाऊस पडला. सुजितचं काम तेजल नावाची बोईसरची एक चिमुरडी करत होती. केस बारीक कापून तिचा मुलगा केला होता. बाबा झालेल्या नटानं तिला छातीशी धरलं, आकाशाकडे बघून तो गरजला, “ही माती मला हरवू शकत नाही! मी इथून हलणार नाही!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेलेली तेजल डोळे चोळत उठली आणि म्हणाली, “मला बिस्कीट.”

माझ्या शेजारी आई उभी होती. ती एकदम चालायला लागली. मी मागे धावले, आणि तिच्यासाठी शाल घेऊन आलेला धीरजही.

वाडीत आल्यावर ती जुन्या वेलापाशी बसली. तिन्हीसांज झाली होती. दिवा मी लावला.

“असं नवतं,” ती म्हणाली. अठरा वर्षांत ती यावर पहिल्यांदा बोलत होती. “तुज्या बाबानं कसली शपथ घ्यावी? रडत व्हता तो. पोरागत रडत व्हता. सकाळी त्यानंच सामान बांधलं. म्हनला, जयवंती, चूक झाली माजी, चल परत एडवणला. भावाच्या पडवीत पडून राहू. गाडी आनली व्हती वाणगावातून. समिधा गाडीत बसली पन व्हती.”

मला आठवलं. मांडीवर कळशी होती. मला वाटलं होतं, आपण बाजाराला चाललोय.

“मंग?” धीरजनं हळूच विचारलं.

“मंग मी उतरले. म्हटलं, तुमी जा. याला एकट्याला रानात टाकून मी नाय येनार. अंधाराला भितो तो.” आईनं वेलाच्या बुडाची माती सारखी केली. “म्हनून राहिलो आमी. जिद्द नाय न् काय नाय. लोकं म्हनतात बळवंतनं खडकाला पाझर फोडला. पोराच्या उशाशी हिरवं असावं, एवढंच व्हतं त्याच्या मनात.”

“मॅडमना सांगू?” धीरज म्हणाला.

“नको. शिनेमाच तो. त्यांचा बळवंत त्यांना ऱ्हाऊ दे.”

*

शेवटच्या दिवशी सामान गाड्यांत चढत होतं. धीरज फाटकापाशी आला, बूट काढले, पण आत आला नाही.

“समिधा,” तो म्हणाला. ‘तुम्ही’ कधी गळालं ते दोघांनाही कळलं नव्हतं. “माझे कान रोज एकच आवाज शोधतात. तुझं सैल घुंगरू. ते नीट करून घेऊ नकोस.”

“मग?”

“मग काय... काम नसलं की मी दातिवऱ्याला असतो. घर लहान आहे. तुळशीचं सांगितलंय. तू आलीस तर तिला बरं वाटेल.”

“तुळशीलाच?”

“मला तर मरणाचं बरं वाटेल.”

मला हसायचं होतं. डोळेच भरून आले. “धीरज, मी गेले तर इथं दिवा कोण लावणार? आईनं त्याच्यासाठी सगळं जगणं इथं पुरलं. मी कशी उठून जाऊ? आणि तुझं घर समुद्रावर. त्याला सोडून मी रोज तो आवाज ऐकायचा?”

त्यानं वाद घातला नाही. “संध्याकाळपर्यंत थांब,” एवढंच म्हणाला आणि कोणाचीतरी मोटारसायकल मागून निघून गेला.

तो परतला तेव्हा मी वात वळत होते. केसांत वाळू, पँट गुडघ्यापर्यंत ओली. एडवणला जाऊन आला होता. आमची वाडी जिथं होती तिथं आता पाणी आहे, म्हणाला. ओहोटीला विहिरीचा कठडा तेवढा दिसतो. त्यावर उभं राहून त्यानं यंत्रात समुद्र भरून आणला होता.

“काकी, त्याला ऐकवू या. हळू लावतो,” तो आईला म्हणाला.

आईनं आधी स्वतःच्या कानांवर हेडफोन ठेवून घेतले. तिचा चेहरा बघवेना. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिनं ते काढले, त्याच्या हातात दिले, आणि त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवला.

“जवळ आनलास, पोरा. कोनी आनला नवता एवढा. पन समुद्र इथं आनायचं ठरलं नवतं.” ती माझ्याकडे वळली. “त्याला तिकडं न्यायचं ठरलं व्हतं. तू बोलली व्हतीस. मी दाराआड व्हते, ऐकलंय मी.”

माझ्या हातातली वात विस्कटली.

“मी तर आई... इथं राहिले मी. त्यासाठी तुला कोनी काय विचारनार नाय. पन तू शब्द दिलेला. तो आदी पुरा कर. मंग कुठं ऱ्हायचं ते तुजं तू बघ.”

“आणि दिवा?”

“मला हात नायत?”

धीरज कधीच फाटकाबाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला होता. माझी चाहूल लागली तसा न वळताच म्हणाला, “गुरुवारी पहाटे मी ओढ्यापलीकडच्या वळणावर असेन. नाही आलीस तरी रागावणार नाही. मालगाडी चुकली म्हणेन.”

*

आज गुरुवार.

अंघोळ करून मी वाडीत गेले तेव्हा आई माझ्या आधी तिथं होती. जुन्या वेलाचं एक टोक तिनं नखानं खुडलं होतं, आणि केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळत होती. तसंच, जसं बाबांनी एडवणहून निघताना गुंडाळलं होतं. खाऱ्या वाळूत ते रुजणार नाही हे दोघींना ठाऊक होतं.

“रुजवायला नाय न्यायचं,” ती म्हणाली. “दाखव. ऐकव. पानी पायाला लागू दे त्याच्या. आनि परत आन. मी बसलेय इथं.”

सूर्य उगवायचा होता. मी बोलू शकत नव्हते. मी वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं पुडी माझ्या ओंजळीत दिली; ओली, गार, पाखरासारखी हलकी.

फाटकाबाहेर मी तशीच निघाले तर मागून हळू आवाज आला. “चपला घाल, समिधा. बाहेर चाललीयस तू.”

मी चपला घातल्या.

मोगऱ्याच्या रांगांमधून उतरले. ओढा ओलांडला, मार्गशीर्षात त्याला घोट्याएवढंच पाणी असतं. नवसीकाकीच्या दारात चूल पेटली होती. तिनं मला पाहिलं, हातातलं सोपट पाहिलं, आणि हाक न मारता उभी राहिली.

वळणावर मोटारसायकल होती. धीरजनं विचारायला तोंड उघडलं, आकाशाकडे बघितलं आणि मिटलं. मग त्याची नजर माझ्या ओंजळीवर गेली. तो खाली वाकला. त्या डांबरी रस्त्यावर, त्या थंडीत त्यानं बूट काढले, आणि दोन्ही हात पुढं केले.

मी पुडी त्याच्या हातांत दिली. त्यानं ती कपाळाला लावून परत दिली. मी त्याच्या मागे बसले. एक हात ओंजळीसारखा छातीशी, दुसरा त्याच्या खांद्यावर. तो हात मी काढला नाही.

डोंगर पाठीशी उजळत होता. तांब्यातलं पाणी घरीच राहिलं होतं. आज अर्घ्य समुद्राचंच.

आम्ही पश्चिमेला निघालो.